एका कागदाचा जाहीरनामा

8 एप्रिल 1973, रविवार. नॉर्वेची राजधानी ओस्लोमधल्या सागा चित्रपटगृहात हजारावर माणसे जमली होती, पण सिनेमा पाहायला नव्हे. व्यासपीठावर होते 68 वर्षांचे आंदेर्स लांगे. हे गृहस्थ शहराबाहेर कुत्र्यांचे पैदास-केंद्र चालवत. 1948 पासून ते एक नियतकालिकही काढत, त्याचे नाव ‘हुंदेआवीसेन’, म्हणजे कुत्र्यांचे वृत्तपत्र. श्वानप्रेमींसाठी निघालेल्या त्या पत्रात कुत्र्यांची निगा कमी आणि सरकारवरची टीका जास्त, असे हळूहळू होत गेले. पुढे तर त्या पत्राला लांगे यांनी सरळ स्वतःचेच नाव दिले. त्या रविवारच्या सभेत नवा राजकीय पक्ष काढायचे ठरले आणि त्यालाही त्यांचेच नाव मिळाले. पूर्ण नाव असे : ‘कर, शुल्के आणि सरकारी हस्तक्षेप यांत मोठी कपात करण्यासाठी आंदेर्स लांगे यांचा पक्ष’.

जाहीरनामा म्हणून जो मजकूर छापला तो एका कागदात मावला. त्याचे दोन भाग होते. कशाकशाला आम्ही कंटाळलो आहोत हा एक, आणि आम्हाला काय हवे हा दुसरा. कर कमी करा, सरकारी नियंत्रणे काढा, परदेशांना दिली जाणारी विकासमदत थांबवा, अशा मागण्या त्यात होत्या. पैसा कुठून येईल, कोणते खाते बंद होईल, कोणत्या कायद्यात काय बदल करावा लागेल, याचा हिशेब नव्हता. इतर पक्षांचे जाहीरनामे पुस्तिकेएवढे जाड असत आणि ते वाचायला कुणाला सवड नसे. हा कागद ट्राममध्ये उभ्या उभ्या वाचून होई.

पाच महिन्यांनी, 9 आणि 10 सप्टेंबरला, संसदेची निवडणूक झाली. या पक्षाला 1,07,784 मते मिळाली. टक्केवारी 5.0. स्टोर्टिंग या नॉर्वेच्या संसदेत चार जण निवडून गेले. वर्षापूर्वी अस्तित्वातही नसलेल्या, शाखा नाहीत, सदस्यनोंदणी नाही अशा पक्षाचे हे यश होते. हे प्रकरण त्या चार जागांविषयी आहे. राज्यसंस्थेवरच राग असलेला पक्ष राज्यसंस्थेच्या सभागृहात जाऊन बसला की त्याचे काय होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

आधी प्रश्न पडतो तो असा की नॉर्वेतच का? चांगले चाललेले राज्य म्हणून ज्या देशाकडे जग बोट दाखवते, तिथल्या माणसाला सरकारचा इतका जाच कसला?

दुसरे महायुद्ध संपल्यापासून 1965 पर्यंत तिथे मजूर पक्षाची जवळपास अखंड सत्ता होती. 1963 मध्ये चार आठवड्यांचा खंड पडला, तेवढाच. उद्ध्वस्त देश उभा करताना सरकारने सगळी सूत्रे आपल्या हातात ठेवली. खासगी मोटार विकत घ्यायला 1960 पर्यंत परवाना लागे. दारू हवी असेल तर ‘व्हिनमोनोपोल’ या सरकारी मक्तेदारीच्या दुकानात रांग लावायची, आणि तीही ठरलेल्या वेळेतच. रेडिओ सरकारी, दूरचित्रवाणी सरकारी, तिची वाहिनीही एकच. शाळा, इस्पितळ, निवृत्तिवेतन यांत सरकारने खरोखरच उत्तम काम केले होते आणि ते कुणी नाकारत नव्हते. पण सकाळपासून रात्रीपर्यंत माणसाच्या प्रत्येक व्यवहारात सरकार कुठे ना कुठे उभे असे.

तेवढ्याने बंड झाले नसते. खरी ठिणगी पडली ती विरोधक सत्तेवर आल्यावर. 1965 मध्ये पेर बोर्तेन यांच्या नेतृत्वाखाली चार बिगरसमाजवादी पक्षांचे सरकार आले. दुकानदार, छोटे कारखानदार, ट्रकवाले, कंत्राटदार, चांगला पगार मिळू लागलेले कुशल कामगार यांना वाटले, आता कर उतरतील. झाले उलटेच. 1967 मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमायोजना लागू झाली. 1 जानेवारी 1970 पासून 20 टक्के मूल्यवर्धित कर आला. दोन्ही निर्णयांमागे विचार होता, पण मतदाराच्या हाती आलेली पावती मात्र फुगलेली होती. महागाईबरोबर पगाराचा आकडा वाढे, आकडा वाढला की माणूस वरच्या करटप्प्यात जाई, आणि वाढीतला मोठा हिस्सा पुन्हा सरकारकडे. ज्याने सरकार बदलावे म्हणून मत दिले होते, त्याच्या लक्षात आले की सरकार बदलले तरी कर बदलत नाहीत. मग मत द्यायचे तरी कुणाला? एखाद्या लोकशाहीत हा प्रश्न पुरेशा लोकांना पडला की नवा पक्ष येणार हे ठरलेले असते. तो कुणाच्या तोंडून बोलेल, एवढेच ठरायचे बाकी राहते.

त्यात 1972 च्या सप्टेंबरात युरोपीय समुदायात जायचे की नाही यावर सार्वमत झाले. सरकार, मोठे पक्ष, उद्योगपती, बहुतेक मोठी वृत्तपत्रे ‘हो’ म्हणत होती. जनतेने 53.5 टक्के मतांनी ‘नाही’ म्हटले. मजूर पक्षाचे पंतप्रधान त्रिग्वे ब्रात्तेली यांनी राजीनामा दिला. जुना उदारमतवादी पक्ष याच प्रश्नावर दुभंगला. घराण्याने ज्या पक्षाला मत दिले त्यालाच आपणही द्यायचे, ही सवय त्या एका वर्षात मोडली. शहाणे-सुरते म्हणवणाऱ्या सगळ्यांच्या विरोधात मत देता येते आणि जिंकताही येते, हे लोकांनी अनुभवले होते. लांगे यांची सभा त्यानंतर साडेसहा महिन्यांनी झाली.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये वारे आधीच सुटले होते. मोगेन्स ग्लिस्ट्रुप नावाच्या करविषयक वकिलाने जानेवारी 1971 मध्ये दूरचित्रवाणीवर स्वतःचे करकार्ड दाखवले. त्यावर कर होता शून्य. कर चुकवणाऱ्यांची तुलना त्याने युद्धकाळात जर्मनांविरुद्ध रेल्वेरूळ उखडणाऱ्या देशभक्तांशी केली. देशाचे संरक्षणखाते बंद करून त्याजागी रशियन भाषेत ‘आम्ही शरण आलो’ असे सांगणारे फोनवरचे ध्वनिमुद्रण ठेवा, असेही तो म्हणे. डिसेंबर 1973 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने 15.9 टक्के मते आणि 28 जागा घेतल्या. पुढे करचुकवेगिरीबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. लांगे यांच्यासमोर हे उदाहरण होते, आणि ‘शेजारी जमते तर इथे का नाही’ हा हुरूपही.

लांगे यांच्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अशा माणसांची एक लोभस प्रतिमा तयार होते आणि तीच खरी मानली जाते. त्यांची भाषणे रंगत. दूरचित्रवाणीवरच्या निवडणूक-कार्यक्रमात ते पाइप ओढत, अंड्याच्या मद्याचे घुटके घेत बसले. इतर पक्षांचे पुढारी टाय लावून आकडेवारी वाचून दाखवत असताना हे दृश्य लोकांच्या मनात बसले ते कायमचे. युद्धकाळात जर्मनांनी त्यांना तुरुंगातही टाकले होते. हे सगळे खरे. पण 1930 च्या दशकात ते ‘फेदरेलांद्सलागे’ या उजव्या, कडव्या समाजवादविरोधी संघटनेचे पगारी कार्यकर्ते होते, आणि 1973 मध्येही दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या राजवटीचे उघड समर्थक होते. त्यांच्याबरोबर निवडून आलेले एरिक येम्स-ओनस्टाद हे युद्धकाळातल्या भूमिगत प्रतिकाराचे नावाजलेले वीर, आणि तेही ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारचे पाठीराखे.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारने माझ्या खिशात हात घालू नये असे म्हणणारा माणूस, दुसऱ्या खंडातल्या सरकारने काळ्या माणसाच्या हालचालीवर, घरावर, लग्नावर पहारा ठेवला तरी त्याला आक्षेप घेत नाही. तेव्हा त्याचा विरोध राज्यसंस्थेच्या सत्तेला नसतो, ती सत्ता आपल्यावर चालण्याला असतो. राज्यविरोधी म्हणवणारा कोणताही पक्ष पारखताना ही कसोटी लावावी. लांगे तिच्यावर उतरत नाहीत. त्यांना मत देणाऱ्या एक लाखावर लोकांपैकी बहुतेकांचे लक्ष मात्र आफ्रिकेकडे नव्हते. त्यांच्यासमोर होती पगाराची चिठ्ठी.

आता त्या चार जागांचे गणित. स्टोर्टिंगमध्ये तेव्हा 155 जागा होत्या. पाच टक्के मतांना हिशेबाने सात-आठ जागा मिळायला हव्या होत्या, मिळाल्या निम्म्या. भारतासारखी एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडण्याची पद्धत असती, तर एकही मिळाली नसती. देशभर सारखी पसरलेली पाच टक्के मते आपल्याकडे अनामत रक्कम जप्त करण्यापलीकडे काही करत नाहीत. नॉर्वेत जिल्हा हाच मतदारसंघ असतो आणि प्रत्येक जिल्ह्यातून अनेक प्रतिनिधी जातात. जागा वाटण्याची रीत अशी : प्रत्येक पक्षाच्या मतांना आधी 1.4 ने भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याला पहिली जागा. ज्याला जागा मिळाली त्याची मूळ मते पुढच्या फेरीत 3 ने भागायची, मग 5 ने, मग 7 ने. प्रत्येक फेरीत ज्याचा आकडा मोठा त्याला जागा.

एक काल्पनिक जिल्हा घेऊ. जागा सहा. ‘अ’ पक्षाला 70,000 मते, ‘ब’ला 44,800, ‘क’ला 15,400. 1.4 ने भागल्यावर अ 50,000, ब 32,000, क 11,000. पहिली जागा अ ची. अ ची मते आता 3 ने भागून 23,333, म्हणून दुसरी जागा ब ला. तिसरी पुन्हा अ ला. ब चे तिसऱ्या हिश्शाचे 14,933, अ चे पाचव्या हिश्शाचे 14,000. चौथी ब ची, पाचवी अ ची. आता अ ची मते 7 ने भागली की 10,000 उरतात, ब ची 5 ने भागून 8,960, आणि क चे 11,000 तसेच उभे आहेत. सहावी जागा क ला. सुमारे 12 टक्के मतांवर क पक्ष आत आला, पण अगदी शेवटच्या जागेवर. जिल्ह्यात सहाऐवजी पाचच जागा असत्या तर तो बाहेर राहिला असता. सुरुवातीलाच 1 ऐवजी 1.4 ने भागण्याची तरतूद 1953 पासून आहे, आणि तिचा परिणाम उघड आहे : अगदी छोट्या पक्षाला पहिली पायरी थोडी उंच करून ठेवायची. लांगे यांच्या पक्षाला जागा मिळाल्या त्या ओस्लो, आकेर्सहुस, हॉर्डालांड आणि रोगालांड या भरपूर जागा असलेल्या जिल्ह्यांत. छोट्या जिल्ह्यांतली त्यांची मते मोजली गेली, पण कामी आली नाहीत. सगळ्या देशाची मते एकत्र धरून तूट भरून देणाऱ्या जागा 1989 मध्ये आल्या, आणि त्यांना 4 टक्क्यांची अट लावली गेली.

चार जण आत गेले खरे, पण त्यांच्या हातात काही नव्हते. मजूर पक्षाला 62 आणि त्याच्या डावीकडच्या समाजवादी आघाडीला 16, मिळून 78 जागा होत्या. उरलेल्या सर्वांच्या 77. एका जागेच्या फरकाने डाव्यांचे बहुमत होते आणि ब्रात्तेली पुन्हा पंतप्रधान झाले. म्हणजे करांविरुद्धच्या बंडाचे वर्ष नॉर्वेच्या इतिहासात डाव्या बहुमताचे वर्ष म्हणूनही नोंदले गेले. दोन्ही टोकांची मते वाढली, मधली घटली. ‘आम्ही सगळ्यांवर नाराज आहोत’ असे लोक म्हणतात तेव्हा ती नाराजी एका दिशेने वाहत नाही.

पक्षात भांडण सुरू झाले ते मात्र विचारांवरून नव्हे, तर संघटनेवरून. लांगे यांना पक्षच नको होता. शाखा, सदस्यपत्रिका, ठराव, अध्यक्षीय मंडळ हा सगळा बाकीच्या पक्षांचा रोग आहे, आपली ही चळवळ आहे, असे त्यांचे म्हणणे. तिशीतला कार्ल हागेन नावाचा तरुण चिटणीस याच्या उलट बाजूला होता. निवडून आलो, आता टिकायचे असेल तर गावोगाव माणसे हवीत, नियम हवेत, निर्णय घेण्याची रीत हवी, असे तो म्हणे. 1974 मध्ये हागेन आणि त्याचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी रिफॉर्म पार्टी काढली. ऑक्टोबर 1974 मध्ये लांगे वारले. संसदेत येऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते.

नॉर्वेत सदस्य वारला की पोटनिवडणूक होत नाही. त्या यादीतला पुढचा माणूस, म्हणजे राखीव प्रतिनिधी, जागेवर येतो. ओस्लोच्या यादीत पुढचे नाव होते कार्ल हागेन. पक्ष सोडून गेलेला माणूस पक्षाच्या संस्थापकाच्या खुर्चीवर कायद्याने येऊन बसला. वर्षभरात फुटीर गट मूळ पक्षात परतला. 29 जानेवारी 1977 रोजी पक्षाचे नाव बदलून ‘फ्रेमस्क्रिट्सपार्ती’ म्हणजे प्रगती पक्ष असे झाले, आणि 1978 मध्ये हागेन अध्यक्ष झाले. ते 2006 पर्यंत त्या पदावर राहिले.

मला या कथेचा गाभा इथे दिसतो. राज्यसंस्था नको म्हणणाऱ्या लांगे यांनी आपल्या पक्षातही कोणती संस्था उभी राहू दिली नाही, आणि ते गेल्यावर त्यांचा पक्ष जवळजवळ संपला. 1977 च्या निवडणुकीत त्याला 1.9 टक्के मते पडली, जागा एकही नाही. जो टिकला तो हागेन यांनी बांधलेला पक्ष : घटना, शाखा, प्रशिक्षणवर्ग, शिस्त असलेला. राग माणसाला मतदानकेंद्रापर्यंत आणतो. चार वर्षांनी पुन्हा आणायला यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा चालवणारी माणसे रागावलेली राहत नाहीत. त्यांना अर्थसंकल्प वाचता येऊ लागतो.

1981 मध्ये पक्ष चार जागांसह परतला. 1985 मध्ये दोनच राहिल्या, आणि याच दोन जागांनी देशाचे सरकार पाडले. सभागृह तेव्हा 157 जणांचे होते. कोरे विलोक यांच्या तीन पक्षांच्या सरकारकडे 78, मजूर पक्ष आणि डावे समाजवादी मिळून 77, आणि मधे प्रगती पक्षाचे दोन. 1986 च्या सुरुवातीला तेलाचा भाव कोसळला. समुद्रातल्या तेलावर उत्पन्नाची भिस्त असलेल्या सरकारची तिजोरी आकसली, आणि विलोक यांनी काटकसरीच्या उपायांत पेट्रोलवरचा कर वाढवण्याचा प्रस्ताव आणला. तोच त्यांनी विश्वासाचा प्रश्न केला. हागेन यांनी आयुष्यभर कर वाढवायचे नाहीत एवढेच सांगितले होते. हो म्हणावे तर पक्षाचे कारणच संपते. नाही म्हणावे तर उजव्यांचे सरकार पडते आणि कर वाढवण्यात अधिक उत्साही असलेला मजूर पक्ष येतो. एप्रिल संपता संपता मतदान झाले. दोघांनी विरोधात मत दिले. सरकार गेले.

9 मे 1986 रोजी ग्रो हार्लेम ब्रुंटलांड पंतप्रधान झाल्या. त्यांच्या 18 जणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्यासह आठ स्त्रिया होत्या. जगात त्या काळी असे कुठे घडले नव्हते. तत्त्वाला धरून राहिलेल्या दोन करविरोधी सदस्यांमुळे हे मंत्रिमंडळ आले, हे नॉर्वेच्या संसदेच्या नोंदीत आहे. ‘छोट्या पक्षाला मत म्हणजे वाया गेलेले मत’ असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. मत वाया जात नाही, पण ते कुठे जाऊन पोचेल हे मत देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

त्यानंतरचा बदल अधिक गंभीर आहे. 1980 च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला होता. 1969 च्या अखेरीस एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडले, 1972 मध्ये सरकारी तेलकंपनी स्थापन झाली, आणि सरकार गरीब आहे असे म्हणायला जागा उरली नाही. सरकारकडे पैसा असताना ‘सरकार लहान करा’ ही घोषणा फारशी चालत नाही. लोक म्हणू लागले, एवढा पैसा आहे तर माझ्या आईला वृद्धाश्रमात खोली का मिळत नाही? शस्त्रक्रियेला रांग का? रस्ते असे का? प्रगती पक्षाने हे हेरले. एका हाताने कर कमी करा आणि दुसऱ्या हाताने इस्पितळांवर, वृद्धांवर, रस्त्यांवर अधिक खर्च करा, अशी मागणी तो करू लागला. दोन्ही एकदम कसे जमायचे याचे उत्तर ‘तेलाच्या पैशातून’ असे होते. 2001 मध्ये सरकारने तेलनिधीतून दरवर्षी किती खर्चायचे याला मर्यादा घालणारा नियम केला, तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो याच पक्षाने.

आणि राग वळला. करावरचा राग हा ‘माझा पैसा कुणावर उधळला जातो’ या प्रश्नावर येऊन थांबला, आणि उत्तर म्हणून बाहेरून आलेल्या माणसाकडे बोट दाखवले गेले. 1987 च्या स्थानिक निवडणुकांच्या प्रचारात हागेन यांनी एका मुस्लिम स्थलांतरिताचे म्हणून एक पत्र सभेत वाचून दाखवले. नॉर्वे लवकरच मुसलमानांचा होईल असा त्याचा आशय होता. ते पत्र बनावट निघाले. पण निवडणुकीत पक्षाची मते वाढली, आणि 1989 च्या संसदेत त्याचे 22 सदस्य होते. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत खेदाची पायरी वाटते. सरकार बलवान आहे, त्याच्यावर राग काढला तर ते उत्तर देऊ शकते. ओस्लोत टॅक्सी चालवणाऱ्या, कारखान्यात पाळी करणाऱ्या परक्या माणसाच्या हाती तेव्हा मताचीही ताकद फारशी नव्हती.

पक्षातल्या ज्यांना खरोखरच लहान सरकार आणि मोठे व्यक्तिस्वातंत्र्य हवे होते, त्यांचा श्वास यात कोंडला. 1994 च्या वसंतात बोल्केशो येथे भरलेल्या अधिवेशनात स्फोट झाला. पक्षाच्या दहा खासदारांपैकी चार जण पक्ष सोडून गेले. तेव्हापासून राज्यसंस्थेलाच विरोध करणारा विचार त्या पक्षात एका कोपऱ्यात राहिला आहे. पक्ष मात्र वाढत गेला.

ऑक्टोबर 2013 मध्ये तो प्रथमच सरकारात आला, एर्ना सोलबेर्ग यांच्या होयरे या उजव्या पक्षाबरोबर. प्रगती पक्षाच्या अध्यक्षा सीव येन्सेन यांना मिळाले अर्थखाते. कर उतरवा म्हणून जन्मलेल्या पक्षाची प्रमुख सहा वर्षांहून अधिक काळ देशाची करवसुली आणि जगातला सर्वांत मोठा सरकारी निधी सांभाळत होती. वारसाकर रद्द झाला, संपत्तीकर कमी झाला, उत्पन्नकराचे दर उतरले. हे पक्षाचे खरे यश. पण तेलाचा भाव पडल्यावर, 1996 मध्ये पहिला भरणा झालेल्या त्या निधीतून, 2016 मध्ये प्रथमच पैसे काढावे लागले ते याच कारकिर्दीत, आणि सरकारचा खर्च कमी झाला नाही. जानेवारी 2020 मध्ये पक्ष सरकारातून बाहेर पडला. कारण कर नव्हते. सीरियातल्या छावणीत असलेल्या, दहशतवादी संघटनेशी संबंधाचा आरोप असलेल्या एका स्त्रीला तिच्या आजारी मुलासह मायदेशी आणण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. सप्टेंबर 2025 च्या निवडणुकीत पक्षाला जवळपास 24 टक्के मते मिळाली आणि तो संसदेतला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला.

पन्नास वर्षांनंतर लेखाजोखा मांडला तर दोन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. नॉर्वे आजही जगातल्या सर्वाधिक कर घेणाऱ्या देशांत मोडतो. लांगे यांनी ज्या राज्यसंस्थेवर शस्त्र उगारले ती तेव्हापेक्षा मोठी आहे, आणि तिच्यावरचा लोकांचा विश्वासही मोठा आहे. त्या अर्थाने तो कागद हरला. दुसरी गोष्ट अशी की कर द्यायचा आणि बदल्यात काय मिळते ते विचारायचे नाही, हा युद्धोत्तर काळातला करार 1973 मध्ये मोडला तो कायमचा. दारूच्या दुकानाच्या वेळांपासून दूरचित्रवाणीच्या मक्तेदारीपर्यंत, ‘हे सरकारनेच का करायचे?’ हा प्रश्न विचारण्यात लाज वाटेनाशी झाली. मजूर पक्षालाही त्याची उत्तरे द्यावी लागली. यातला काही वाटा लांगे यांचा आहे, आणि त्यांचे बाकीचे विचार मान्य नसले तरी तो त्यांच्या पदरात टाकला पाहिजे.

निकालाच्या दिवशी कुठल्याही देशाच्या यादीत तळाशी दोन, तीन, पाच टक्क्यांचे एखादे विचित्र नाव दिसेल. मोठी वृत्तपत्रे त्याची थट्टा करून पुढे जातील, जशी 1973 मध्ये लांगे यांची केली गेली. वाचकांना माझी विनंती आहे की तुम्ही तसे करू नका. त्या पक्षाचा कागद मिळवा आणि वाचा. मागण्या बाजूला ठेवा, तक्रारी वाचा. पुढाऱ्याची पारख वेगळी करा आणि मत देणाऱ्यांची वेगळी. आणि ती तक्रार सरकारच्या दारात उभी आहे की कुण्या दुबळ्या शेजाऱ्याच्या, एवढे जरूर तपासा.